कॉम्प्युटर चालू करताना रोज डिस्क चेकिंग येतंय? तपास कुठून सुरू करायचा

आधी लक्षणं नीट बघून घ्या, कारण "चालू होताना चेकिंग येतं" या एकाच तक्रारीखाली निरनिराळे बिघाड असतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

- विंडोज १० किंवा ११ मध्ये लोगोखाली "स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह" अशी ओळ येते, पुढे ड्राइव्हचं अक्षर आणि टक्के. विंडोज ७ मध्ये पांढऱ्या अक्षरांत मजकूर येतो आणि "कुठलीही की दाबा, नाहीतर चेकिंग सुरू होईल" अशी दहा सेकंदांची उलटी मोजणी लागते.
- चेकिंग दोन-चार मिनिटांत उरकतं, विंडोज व्यवस्थित उघडतं, दिवसभर काम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच.
- चेकिंग एखाद्या आकड्यावर अडकतं आणि तासन् तास हलत नाही.
- चेकिंग सीचं नसतं. डी, ई किंवा एफ असं भलतंच अक्षर असतं.
- चेकिंगबरोबर दुसरंही काही जाणवतं: फाईल उघडायला वेळ लागणं, मध्येच सगळं गोठणं, निळा स्क्रीन, डिस्कमधून टक-टक आवाज.

वीज गेल्यावर एखाद्या वेळी चेकिंग आलं आणि परत आलं नाही, तर काही करायचं नाही. ही पोस्ट पुन्हा पुन्हा येणाऱ्या चेकिंगबद्दल आहे.

विंडोज हे ठरवतं कसं

एवढं समजून घेतलं की पुढचा प्रत्येक टप्पा का करायचा ते आपोआप कळतं. प्रत्येक ड्राइव्हवर विंडोज एक छोटी खूण ठेवतं, तिला डर्टी बिट म्हणतात. फाईलसिस्टममध्ये, म्हणजे कुठली फाईल कुठे ठेवली आहे याच्या नोंदवहीत, काही विसंगती दिसली की ती खूण लावली जाते. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना, लॉगिनच्याही आधी, ऑटोचेक नावाचा छोटा प्रोग्राम सगळ्या ड्राइव्हवरच्या या खुणा बघतो आणि खूण असेल तो ड्राइव्ह तपासायला घेतो. तपासणी नीट पूर्ण झाली की खूण निघते.

म्हणजे रोज चेकिंग येत असेल तर चारच शक्यता उरतात. तपासणी पूर्णच होत नाहीये. पूर्ण होते, पण दिवसभरात काहीतरी पुन्हा खूण लावतंय. खूण नाहीच, पण कुठल्यातरी सेटिंगमुळे तपासणी दर वेळी सुरू होते. किंवा खूण सीवर नसून दुसऱ्याच ड्राइव्हवर आहे.

आजकाल सी ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीचा असतो. त्यात नोंदवहीतला प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये लिहिला जातो, त्यामुळे एकदा वीज गेली एवढ्यावरून नोंदवही सहसा बिघडत नाही. एनटीएफएसच्या सी ड्राइव्हवर वरचेवर खूण लागत असेल तर त्यामागे काहीतरी खरं कारण आहे असंच धरून चाला. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांवर बहुतेक वेळा फॅट३२ किंवा एक्सफॅट असतं, आणि तिथे नुसतं कॉपी चालू असताना उपटून काढलं तरी खूण राहून जाते.

कुठल्याही टप्प्याआधी: बॅकअप

चेकिंगचं काम नोंदवही जुळवण्याचं आहे, तुमच्या फाईली वाचवण्याचं नाही. नोंद जुळवताना एखादी अर्धवट फाईल कापून टाकावी लागली तर ते कापतं. आणि डिस्क खरोखरच मरायला टेकलेली असेल तर अख्खी डिस्क वाचून काढणारी तपासणी तिचे उरलेले श्वासही संपवते. म्हणून विंडोज उघडतंय तोवर आधी डेटा बाहेर काढा.

यात एक गैरसमज मला फार वेळा भेटतो: "महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला टाकलंय, काळजी नाही." बहुतेक मशीनमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही एकदमच जातात. बॅकअप म्हणजे त्या मशीनच्या बाहेरची प्रत: बाहेरची हार्डडिस्क, दुसरं मशीन, नाहीतर क्लाऊड.

काय काय घ्यायचं याची यादी कागदावर करा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाऊनलोड्स, फोटो हे आठवतं. विसरतं ते वेगळंच: टॅलीचं डेटा फोल्डर, डीटीपीवाल्यांचे जुने मराठी फॉन्ट आणि कोरलच्या फाईली, आउटलुकची मेल फाईल, डिजिटल सहीसाठी घेतलेल्या फाईली, ब्राउझरमधले पासवर्ड. कॉपी करताना एखादी फाईल अडकली तर तिच्या मागे लागू नका. ती सोडा, बाकीच्या घ्या, तिच्याकडे शेवटी या.

मशीनमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू असेल, आणि विंडोज ११ च्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये ते आपोआप चालू असतं, तर ४८ आकडी रिकव्हरी की आत्ताच शोधून लिहून ठेवा. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. पुढे बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, काही बदललं किंवा दुरुस्तीच्या स्क्रीनवरून ड्राइव्ह उघडायची वेळ आली की मशीन तीच की मागतं, आणि ऐन वेळी ती सापडत नाही.

१. अक्षर वाचा, जोडलेलं सगळं काढा

फुकट आणि दोन मिनिटांचं काम, म्हणून पहिलं. चेकिंगच्या ओळीत कुठलं अक्षर आहे ते वाचा. घाईत हुकत असेल तर मोबाइलवर फोटो काढा. अक्षर सी नसेल तर मशीन बंद करा. पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरची हार्डडिस्क, प्रिंटरच्या स्लॉटमधलं मेमरी कार्डसुद्धा, सगळं काढून पुन्हा चालू करा.

चेकिंग आलं नाही तर दोषी सापडला. विंडोज उघडल्यावर तो पेनड्राइव्ह लावा, त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग टूल्स, मग चेक. एकदा दुरुस्त झालं की खूण जाते. दुकानांतून आणि ऑफिसांतून एकच पेनड्राइव्ह दिवसभर चार मशीनवर फिरतो आणि कुणीही "सेफली रिमूव्ह" करत नाही, तिथे हा प्रकार सर्रास दिसतो. तोच पेनड्राइव्ह पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर तो बदलायला झाला आहे.

२. एकदा तरी तपासणी पूर्ण होऊ द्या

साधी गोष्ट आहे, पण रोज चेकिंग येणाऱ्या कितीतरी मशीनचं दुखणं एवढंच असतं. सकाळी गिऱ्हाईक समोर उभं असतं, म्हणून कुणीतरी की दाबून चेकिंग टाळतं किंवा बटण दाबून मशीनच बंद करतं. खूण तशीच राहते आणि उद्या परत तेच.

रात्री काम संपल्यावर मशीन रीस्टार्ट करा आणि चेकिंगला हात लावू नका. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला हवा. साधी तपासणी काही मिनिटांत होते. अख्खा पृष्ठभाग वाचणारी तपासणी मात्र १ टीबीच्या फिरत्या डिस्कला निरोगी असतानाही काही तास घेते.

अडकलं आहे की नुसतं हळू चाललंय हे कसं ओळखायचं? कॅबिनेटवरचा डिस्कचा छोटा दिवा बघा. तो अनियमित लुकलुकत असेल तर काम चालू आहे, टक्के हलत नसले तरी थांबा. टक्के पुष्कळदा एका ठिकाणी थांबून एकदम उडी मारतात. रात्रभर एकच आकडा असेल, दिवा सलग पेटलेला किंवा अजिबात बंद असेल, किंवा डिस्कमधून ठरावीक तालात टक-टक येत असेल तर पुढचे टप्पे करायचे नाहीत. थेट "कधी थांबायचं" या भागाकडे जा.

३. अहवाल वाचा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि खरं उत्तर इथेच असतं. तपासणीत काय सापडलं ते विंडोज लिहून ठेवतं. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्युअर शोधून उघडा. डावीकडे विंडोज लॉग्ज, त्याखाली ॲप्लिकेशन. उजवीकडे "फिल्टर करंट लॉग" मध्ये सोर्स म्हणून विनइनिट निवडा. १००१ क्रमांकाच्या नोंदीत तपासणीचा पूर्ण मजकूर असतो.

तीन गोष्टी बघायच्या. "नो प्रॉब्लेम्स" अशा अर्थाची ओळ आहे का? काही दुरुस्त्या केल्याचं लिहिलंय का? आणि तळाशी "केबी इन बॅड सेक्टर्स", म्हणजे डिस्कवरच्या खराब जागा, यासमोर किती आकडा आहे? तो शून्य असायला हवा. आता मागच्या तारखांच्या नोंदीही उघडून बघा. दर वेळी "अडचण नाही" असेल तरी चेकिंग येत असेल तर दोष सेटिंगचा, चौथ्या टप्प्यावर जा. दर वेळी नव्या दुरुस्त्या होत असतील तर दिवसभरात कोणीतरी नोंदी बिघडवतंय: वीज, केबल, रॅम किंवा खुद्द डिस्क. बॅड सेक्टरचा आकडा तारखेगणिक वाढत असेल तर डिस्क चालली आहे.

तिथेच विंडोज लॉग्जखाली सिस्टीम हा दुसरा लॉग आहे. त्यात सोर्स डिस्क आणि क्रमांक ७ म्हणजे वाचता न आलेला ब्लॉक. १५३ म्हणजे डिस्कला सांगितलेलं काम पुन्हा करायला लागलं. सोर्स एनटीएफएस आणि क्रमांक ५५ म्हणजे नोंदवहीत बिघाड सापडला, हीच ती खूण लावणारी नोंद. कर्नल-पॉवर ४१ म्हणजे मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. या नोंदींच्या वेळा शेजारी शेजारी लिहून काढा. दर ५५ च्या आधी ४१ दिसत असेल तर आधी विजेकडे बघा. ५५ च्या आसपास ७ आणि १५३ ची रांग असेल तर केबल किंवा डिस्क.

४. खूण आणि सेटिंग

पुढच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायच्या. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, राइट क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" निवडा. मग लिहा: एफ-एस-यू-टी-आय-एल, जागा, डर्टी, जागा, क्वेरी, जागा, सी आणि कोलन. उत्तर "डर्टी" किंवा "नॉट डर्टी" असं येतं. ही कमांड फक्त विचारते, काही बदलत नाही, म्हणून निर्धास्त चालवा. डी-ईसाठीही चालवा.

"नॉट डर्टी" असूनही चेकिंग येत असेल तर कुणीतरी, बहुधा एखाद्या जुन्या पार्टिशन किंवा "स्पीड वाढवा" छापाच्या सॉफ्टवेअरने, सुरुवातीच्या यादीत कायमचं काम टाकून ठेवलं आहे. ते मूळ स्थितीला आणायची कमांड: सी-एच-के-एन-टी-एफ-एस, जागा, स्लॅश, डी. मग रीस्टार्ट.

याच कमांडला स्लॅश एक्स आणि ड्राइव्हचं अक्षर लावलं की त्या ड्राइव्हचं चेकिंग बंद होतं. "चेकिंगचा त्रास घालवा" म्हणून हा उपाय सगळीकडे सांगितला जातो. मी तो करू देत नाही. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकण्यातला तो प्रकार आहे. खूण तशीच राहते, बिघाड वाढत जातो, आणि काही आठवड्यांनी टॅलीची कंपनी उघडत नाही तेव्हा मशीन दुरुस्तीला येतं. बॅकअप घेण्यापुरतं विंडोजमध्ये शिरायचं असेल तर उलटी मोजणी चालू असताना की दाबली तरी पुरतं. की दाबूनही चेकिंग टळत नसेल तर कीबोर्ड मागच्या यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावून बघा. पुढचे पोर्ट आणि वायरलेस कीबोर्ड त्या टप्प्यावर कधी कधी ओळखले जात नाहीत.

५. मशीन बंद कसं होतं ते बघा

पावसाळ्यात या तक्रारी वाढतात. वीज दिवसातून चारदा जाते आणि यूपीएस नुसता शोभेला असतो. साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बंदिस्त बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षांत थकते, आणि थकल्याचं कळतं ते वीज गेल्यावरच. तपासायचं असेल तर कॉम्प्युटर जोडून प्लग काढू नका, त्याने पुन्हा तेच नुकसान होईल. कॉम्प्युटर बंद ठेवा, यूपीएसला टेबललॅम्प लावा आणि मग भिंतीवरचा स्विच बंद करा. दिवा काही मिनिटं टिकला नाही तर बॅटरी बदला. अख्खा यूपीएस बदलायची बहुतेक वेळा गरज नसते.

घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवत असाल तर त्याचा मोड बघा. यूपीएस मोडमध्ये तो चटकन बदलतो. दुसऱ्या मोडमध्ये पंखे-दिव्यांना चालेल एवढी झोप काढतो आणि कॉम्प्युटर त्यात रीस्टार्ट होतो.

संध्याकाळी दुकान बंद करताना मेन स्विच खाली करण्याची सवयही तपासा. शटडाऊन दिल्यावर स्क्रीन काळा झाला तरी आत लिहिणं चालू असू शकतं. कॅबिनेटचा दिवा विझेपर्यंत थांबायचं. अपडेट चालू असेल तर जास्तच.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना शटडाऊनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं. त्या अवस्थेत लिनक्सने सी ड्राइव्हवर काही लिहिलं की जागं झाल्यावर विंडोजच्या नोंदी जुळत नाहीत. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू", वरची निळी ओळ क्लिक करून खालची टिक काढा.

६. डिस्कची तब्येत

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका. डिस्क स्वतःबद्दल जी नोंद ठेवते ती हे दाखवतं. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. पण नुसत्या रंगावर जाऊ नका. खालच्या यादीत चार ओळी बघा, आणि लक्षात ठेवा की उजवीकडचे आकडे सुरुवातीला सोळाच्या पटीतल्या पद्धतीने दिसतात, त्यामुळे मधे ए, बी, सी अशी अक्षरं येऊ शकतात.

०५ ही ओळ म्हणजे खराब म्हणून बदललेल्या जागा. सी५ म्हणजे वाचताना अडखळलेल्या, निकाल न लागलेल्या जागा. सी६ म्हणजे वाचताच न आलेल्या. या तिन्ही शून्य असाव्यात. ०५ मध्ये थोडा आकडा असून तो महिनोन् महिने तिथेच असेल तर डिस्क अजून काम देते, पण महत्त्वाचा डेटा तिच्यावर एकटा ठेवू नये. सी५ वाढत असेल तर नवी डिस्क घ्या, विचार करत बसू नका.

चौथी ओळ सी७. ही डिस्कची नसून वाटेची तक्रार आहे: डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या केबलमधून डेटा येताना बिघडला. हा आकडा कधीच मागे जात नाही, म्हणून नुसता आकडा बघून उपयोग नाही. आज लिहून ठेवा, दोन दिवसांनी परत बघा. वाढला तर केबल.

एसएसडीमध्ये, म्हणजे फिरती चकती नसलेल्या डिस्कमध्ये, या ओळी वेगळ्या असतात. तिथे आरोग्याची टक्केवारी आणि, ती ओळ असेल तर, "मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स" बघा. दुसरी शून्य हवी.

७. केबल

माझ्याकडे येणाऱ्या डेस्कटॉपमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडणारा, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित दोष हाच.

एका डीटीपीच्या दुकानातलं मशीन घ्या. लग्नसराई, पत्रिकांचं काम तुंबलेलं, आणि रोज सकाळी चेकिंग. दोनदा विंडोज नव्याने टाकून झालं होतं, डिस्क बदलायचं ठरत होतं. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य, सी७ मात्र भरमसाट. कॅबिनेट टेबलाखाली, बसणाऱ्याच्या पायाशी. बाजूचं पान काढलं तर लाल साटा केबल डिस्कच्या तोंडाशी काटकोनात दुमडलेली, आणि तिला जागेवर धरणारी बारकी पत्र्याची क्लिप तुटलेली. पाय लागला की केबल केसभर हलायची. विंडोज तेवढ्यात दोन-चार वेळा वाचायचा प्रयत्न करायचं, कधी जमायचं, कधी नोंद बिघडायची. नवी केबल लावली, मदरबोर्डवरचा पोर्ट बदलला, कॅबिनेट टेबलाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवलं. सी७ चा आकडा त्यानंतर तिथेच थांबला आणि चेकिंगही.

करायचं असं: मशीन बंद, मागचा प्लग काढलेला, मग पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेला करंट जातो. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. डेटा केबल आणि पॉवरची चपटी पिन दोन्ही काढून परत घट्ट बसवा. त्याने सी७ थांबला नाही तर केबल बदला, शे-दीडशे रुपयांत मिळते. पत्र्याची क्लिप असलेलीच घ्या. पॉवरसाठी जुन्या चार पिनांच्या तोंडाला लावलेलं जोड-कनेक्टर असेल तर ते टाळून एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज देणाऱ्या डब्यातून, थेट येणारी पिन वापरा. ही जोड सैल होऊन तापते.

लॅपटॉपमध्ये डिस्कसाठी चपटी नाजूक पट्टी असते. आधी कधी लॅपटॉप उघडला नसेल तर या कामासाठी उघडू नका.

८. रॅम

डिस्क निरोगी, केबल नवी, वीज ठीक, तरी ५५ क्रमांकाच्या नोंदी येत राहिल्या तर रॅमकडे बघा. डिस्कवर जाणारी प्रत्येक गोष्ट आधी रॅममध्ये असते. तिथे एक बिट उलटला तर डिस्क बिचारी तो चुकीचाच, पण अगदी नीट लिहून ठेवते. अशा मशीनमध्ये डिस्क बदलूनही महिन्याभरात तीच तक्रार येते.

स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नोस्टिक शोधा, रीस्टार्ट करून चालू द्या. त्यात दोष दिसला तर रॅम काढा, सोनेरी पट्टी स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा झटका, क्लिप वाजेपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून तपासा. रॅमचा दोष निघेपर्यंत डिस्कची दुरुस्ती चालवू नका, कारण चुकीच्या रॅमवर चाललेली दुरुस्ती चांगल्या नोंदीही बिघडवते.

९. आता दुरुस्तीची कमांड

इतक्या उशिरा का, असं वाटेल. कारण बिघडवणारं कारण जागेवर असेपर्यंत दुरुस्ती टिकत नाही.

आधी हलकी तपासणी: सी-एच-के-डी-एस-के, जागा, सी कोलन, जागा, स्लॅश स्कॅन. विंडोज ८ पासून ही चालू मशीनवर चालते, रीस्टार्ट लागत नाही. तिने दोष सांगितला तर स्कॅनच्या जागी फक्त एफ लिहा. मशीन विचारेल की पुढच्या सुरुवातीला करू का, वाय दाबा आणि शटडाऊन नको, रीस्टार्टच द्या.

एफच्या जागी आर लिहिलं तर अख्खी डिस्क सेक्टर-सेक्टर वाचली जाते. हे फिरत्या डिस्कसाठीच, आणि सहाव्या टप्प्यातल्या ओळी शून्य असतील तरच. एसएसडीवर याने फारसं काही साधत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर काही मशीनवर हीच एफवाली कमांड चालवल्यावर फाईलसिस्टम बिघडून विंडोज उघडेनासं झालं होतं. मायक्रोसॉफ्टने ते मान्य करून दुरुस्त केलं. बॅकअपशिवाय ही कमांड चालवायची नाही, ते यासाठीही.

दुरुस्तीनंतर सी ड्राइव्हवर "फाऊंड" आणि तीन शून्यं असं लपलेलं फोल्डर दिसलं तर पुसू नका. हरवलेल्या फाईलींचे तुकडे त्यात असतात. मग एस-एफ-सी, जागा, स्लॅश स्कॅननाऊ ही कमांड चालवा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फाईली तपासल्या जातात.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात: दर वेळी एफएससीके, म्हणजे लिनक्सची डिस्क तपासणी, चालत असेल आणि "लास्ट माउंट टाइम इज इन द फ्युचर" अशी ओळ दिसत असेल तर डिस्क नव्हे, घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख मागे जाते आणि लिनक्सला वाटतं की डिस्क शेवटची उद्या वापरली होती. शाळांच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर हे हमखास दिसतं. सेल बदला, तारीख लावा, झालं.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

यातलं एकही दिसलं तर मशीन बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका:

- डिस्कमधून टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज.
- बायॉसमध्ये डिस्क कधी दिसते, कधी गायब होते.
- सी५ चा आकडा तुमच्या डोळ्यांदेखत वाढतोय.
- जळका वास.
- विंडोज उघडत नाही, डेटाची दुसरी प्रत कुठेच नाही आणि तो गेला तर परत मिळणार नाही.

एसएसडी एकाएकी दिसेनाशी झाली किंवा तिच्यावर काही लिहिताच येईना, तरी हेच. बिटलॉकरची की सापडत नसेल तर कुणालाही काही "रीसेट" करू देऊ नका. मशीन वॉरंटीत असेल तर स्क्रू काढायच्या आधी कंपनीच्या सेवाकेंद्राला विचारा, आणि तिथे देण्याआधी डेटा काढून घ्या. तिथे डिस्क बदलून मिळते, डेटा नाही.

केबल, यूपीएस, रॅम, डिस्क बदलणं हे गावातला चांगला हार्डवेअरवाला नीट करतो. पण चेकिंगची तक्रार ऐकताच कुणी "फॉरमॅट मारून देतो" म्हणालं तर हात जोडा. फॉरमॅटने नोंदवही नवी होते, म्हणून आठवडाभर सगळं छान चालतं. केबल, रॅम, खराब सेक्टर तिथेच असतात. आणि मधल्या मध्ये जुना डेटा पुसला जातो, त्यावर नवं विंडोज लिहिलं जातं, मग तज्ज्ञाकडे गेलात तरी त्याच्या हाती फार काही उरत नाही.

डेटा परत हवा असेल तर ते वेगळं काम आहे, डेटा रिकव्हरीवाल्याचं. त्याला सुरुवातीलाच विचारा: आधी डिस्कची पूर्ण प्रत काढून त्या प्रतीवर काम करणार का? डिस्क उघडायची वेळ आली तर धूळमुक्त खोली आहे का? डेटा मिळाला नाही तर किती पैसे? जुनी डिस्क परत देणार ना? पहिल्या प्रश्नाला "नाही, थेट डिस्कवरच सॉफ्टवेअर चालवतो" असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. घरी डिस्क उघडणं, फ्रीजमध्ये ठेवणं, टेबलावर आपटणं यातलं काहीही करू नका. आतल्या चकतीवर धुळीचा एक कण पुरतो.

नवी डिस्क घेतलीत तर जुनीची हुबेहूब क्लोन करण्यापेक्षा विंडोज नव्याने टाका आणि फक्त डेटा कॉपी करा. क्लोनमध्ये बिघडलेल्या नोंदीही जशाच्या तशा येतात आणि चेकिंग नव्या डिस्कवरही भेटायला येतं. पहिले काही दिवस चौथ्या टप्प्यातली डर्टी-क्वेरी रोज चालवा आणि सहाव्यातले आकडे लिहून ठेवा. नव्या डिस्कवरही खूण लागली तर डिस्कला बोल लावू नका, सातव्या आणि आठव्या टप्प्याकडे परत या. जुनी डिस्क लगेच भंगारात घालू नका. वर्षअखेरीला हिशेब बंद करताना एखादी विसरलेली फाईल हवी होते, आणि ती तिथेच असते.